पोट मारून कर्ज फिटत नाही, व्याज मारून फिटते

सोयाबीनचे पैसे आले तसे गेले, तूर-हरभरा घरात येतो न येतो तोच गावागावांतून मुंबईच्या गाड्या भरू लागतात. मुखेड, कंधार, लोहा, देगलूर या आपल्या पट्ट्यातली माणसे देवगिरी नाहीतर नंदीग्राम पकडतात, कल्याण-ठाण्याला उतरतात आणि लोकलने घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली गाठतात. विचारले तर एकच उत्तर मिळते, "साहेब, डोक्यावर बोजा झालाय. चार महिने पोटाला चिमटा घेतो, बोजा उतरवतो अन् मृगाला माघारी येतो."

या निश्चयाचे मला कौतुक आहे. परंतु कृषी विस्ताराच्या कामात गावोगाव हिंडताना हीच कुटुंबे दरवर्षी पुन्हा त्याच गाडीत चढताना दिसतात, तेव्हा कुठेतरी हिशेब चुकतो आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. कष्टात खोट नाही, काटकसरीत खोट नाही, मग बोजा का उतरत नाही? आज त्याचाच विचार करू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेतकरी उधळ्या असतो म्हणून कर्जात बुडतो, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कित्येक दिवस भाव त्याच्या खालीच राहिला. पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. "अंथरूण पाहून पाय पसरावे" असा सल्ला देणे सोपे आहे, पण अंथरूणच गहाण पडले असेल तर पाय पसरायचे कुठे? मात्र काही गोष्टी आपल्या हातात आहेत. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे कोणते कर्ज आधी फेडायचे, हे ठरवणे.

भटवाडीचे मैदान

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते याच वर्षी एप्रिल महिन्यात. त्याच सुमारास घाटकोपर पश्चिमेला भटवाडीतल्या मैदानावर आपल्या नांदेड-लातूरकडची शेकडो माणसे ताडपत्री आणि प्लॅस्टिकचे पाल ठोकून राहत होती. त्यांत मुखेड तालुक्यातले लोक पुष्कळ होते. कोणाची दोन एकर, कोणाची पाच एकर जमीन. ही भिकाऱ्यांची वस्ती नव्हती, सातबारावर नाव असलेल्या माणसांची वस्ती होती. वर्तमानपत्रांतून त्यांचे फोटो छापून आले, पुढारी येऊन गेले, कोणी धान्य दिले, कोणी कपडे दिले.

सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादम नाहीतर ठेकेदार येईल, हात दाखवील त्याच्या मागे जायचे. माती उपसणे, विटा-रेती वाहणे, स्लॅबचे काम, गटारीचे काम. काम मिळाले तर रोज पडला, नाही मिळाले तर परत पालावर. त्या वर्षी रोजगार हमीचा दर आपल्याकडे दिवसाला १९२ रुपये होता. नाक्यावरचा रोज त्याहून बराच जास्त, म्हणून माणसे गेली. त्यात चुकीचे काही नाही. १९७२ च्या दुष्काळातही मराठवाड्यातले आणि घाटावरचे लोक असेच मुंबईला गेले होते.

परंतु रोज जास्त दिसतो म्हणून शिल्लकही जास्त राहील, असे नसते. आणि शिल्लक राहिली म्हणून कर्ज फिटेल, असे तर मुळीच नसते. हे शब्दांत पटणार नाही, म्हणून आपण आकडे मांडू.

एका जोडप्याचा हिशेब

समजा, तीन एकर कोरडवाहू जमिनीचे एक जोडपे आहे. त्यांचे देणे असे धरा. सोसायटीचे पीककर्ज ६०,००० रुपये. गावातल्या खासगी सावकाराचे ५०,००० रुपये, महिना शेकडा पाच दराने. कृषी सेवा केंद्राची उधारी २०,००० रुपये, त्यावर दुकानदार महिना शेकडा दोन लावतो. आणि मेव्हण्याकडून लेकीच्या लग्नाला घेतलेले हातउसने ३०,००० रुपये, बिनव्याजी. एकूण देणे १,६०,००० रुपये.

आता व्याज बघा. सोसायटीचे कर्ज वेळेत भरले तर बिनव्याजी पडते, त्याविषयी पुढे सांगतो. मेव्हण्याला व्याज नाही. दुकानाचे वर्षाला ४,८०० रुपये. सावकाराचे महिन्याला २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. एकूण व्याज ३४,८०० रुपये, त्यातले ३०,००० एकट्या सावकाराचे! मुद्दलात सावकाराचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, पण व्याजात जवळजवळ सगळा त्याचाच.

हे जोडपे फेब्रुवारी ते मे असे चार महिने घाटकोपरला जाते. गडी माणसाला ७०० आणि बाईला ५०० रुपये रोज धरू. बाई तितकेच घमेले वाहते, तरी तिचा रोज कमी, हा अन्याय सगळीकडेच चालतो. नाक्यावर रोज काम मिळत नाही, म्हणून महिन्याला वीस दिवस धरा. २४,००० रुपये झाले. खर्च असा: खोलीचे भाडे ५,०००, खाणे ७,०००, जाण्यायेण्याला १,५००, पाणी-गॅस-संडास १,५००, फोन आणि औषधपाणी १,५००, गावाकडे म्हाताऱ्यांना आणि पोरांना २,०००. बेरीज १८,५०० रुपये. महिन्याला शिल्लक ५,५००. चार महिन्यांचे २२,०००, त्यातून गाडीभाडे आणि सुरुवातीची भांडीकुंडी यांचे २,००० वजा करा. हातात राहिले २०,००० रुपये.

जूनमध्ये हे २०,००० घेऊन ते सावकाराकडे जातात. चार महिन्यांचे व्याज १०,००० तो आधी कापतो. मुद्दलात जमा होतात १०,०००. राहिले ४०,०००. नवरा-बायको खूश होतात की दहा हजारांनी बोजा हलका झाला. पण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आठ महिने आहेत. ४०,००० वर महिना २,००० प्रमाणे आठ महिन्यांचे व्याज १६,०००. खरिपात काही हाती लागले नाही, व्याज तुंबले, तर पुढच्या फेब्रुवारीत देणे किती? ५६,००० रुपये. म्हणजे चार महिने मुंबईला राबून, पोटाला चिमटा घेऊन, देणे ५० हजारांचे ५६ हजार झाले!

आता कोणी म्हणेल, आणखी काटकसर करू. दिवसाला ५० रुपये खाण्यातले वाचवू. चार महिन्यांत ६,००० वाचतील. सावकाराचे जेमतेम अडीच महिन्यांचेही व्याज होत नाही. आणि अर्धपोटी माणूस घमेली किती दिवस वाहील? तापाने आठ दिवस खाडा पडला तर ५,६०० रुपये रोज बुडाला, डॉक्टरचे वेगळे. वाचवलेले सगळे गेले. पोट मारून कर्ज फिटत नाही, ते हे असे.

दुसरी वाट

याच जोडप्याने मुंबईला जाण्यापूर्वी एक काम केले तर काय होते ते बघा. घरात थोडे सोने असेल, बोरमाळ असेल, तर ते बँकेत तारण ठेवून ५०,००० उचलायचे आणि सावकाराचा चुकता हिशेब करायचा. सोन्याचा तोळ्याचा भाव २०२५ साली लाखाच्या वर गेला, त्यामुळे थोड्या सोन्यावरही ही रक्कम मिळू शकते. सोनेतारणाचे व्याज वर्षाला बारा टक्के धरले तरी महिन्याला ५०० रुपये झाले. २,५०० च्या जागी ५००. महिन्याला दोन हजार वाचले आणि एकही भाकर कमी झाली नाही.

जूनमध्ये तेच २०,००० घेऊन आले. व्याज २,००० गेले, मुद्दलात १८,००० जमा. राहिले ३२,०००. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आठ महिन्यांचे व्याज २,५६०. एकूण ३४,५६०. एकीकडे ५६,०००, दुसरीकडे ३४,५६०. कष्ट तेच, रोज तोच, फरक फक्त व्याजाचा.

सोने नसेल तर बचत गट बघा. गटाच्या अंतर्गत कर्जाचा दर महिना दोन टक्के असला तरी ५०,००० ला १,००० रुपये होतात, म्हणजे सावकारापेक्षा दीड हजार कमी. उमेद अभियानातल्या गटांना बँकेचे कर्ज सवलतीच्या व्याजाने मिळते, ते त्याहून स्वस्त. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले म्हणजे सोने बाईचे आहे, निर्णय तिच्या तोंडून आला पाहिजे, तिच्या नकळत डबा उघडायचा नाही. दुसरे, एकदा सावकाराचे खाते बंद केले की ते पुन्हा उघडायचे नाही. नाहीतर सोनेही गेले आणि सावकारही राहिला, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

ही वाट मी नव्याने शोधलेली नाही. मुंबईतच तिचे उदाहरण आहे, उपनगरातले नसून गिरणगावातले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षे वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. पहाटेपासून चुलीपुढे राबूनही हातात काही उरत नसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बायकांचे गट केले, एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायकांनी पोळ्या कमी लाटल्या नाहीत, स्वतःचे जेवण तोडले नाही. महागडे कर्ज टाकून स्वस्त कर्ज धरले आणि हातात पैसा राहू लागला. शिकलेल्या नव्हत्या, पण हिशेब कळला.

आधी कोणाचे फेडायचे?

आपल्याकडे कर्ज फेडण्याचा क्रम अब्रूवर ठरतो. जो दारात येऊन मोठ्याने बोलतो, त्याचे आधी. मेव्हण्याने चारचौघांत टोमणा मारला की त्याचे आधी. माझे स्पष्ट मत असे की क्रम व्याजावर ठरला पाहिजे. सर्वांत महाग कर्ज आधी, बिनव्याजी शेवटी. मेव्हण्याकडे स्वतः जा, समोर बसून सांगा, "दाजी, तुमचे बुडवणार नाही, पण सावकार आधी मोकळा करतो, मग तुमचा नंबर." तोंड चुकवण्यापेक्षा हे बोलणे कठीण आहे, पण नातेही टिकते आणि व्याजही.

सोसायटीच्या कर्जाची गोष्ट वेगळी. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्याने पडते. खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्च. ती चुकली की सवलत गेली, माणूस थकबाकीत गेला, नवे पीककर्ज बंद आणि पाय पुन्हा सावकाराच्या ओट्याकडे. म्हणून सोयाबीन विकले की त्यातले सोसायटीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा, मुंबईच्या कमाईवर ते सोडू नका. मार्चअखेर 'नवे-जुने' करण्यासाठी चार दिवसांचे खासगी पैसे जबर व्याजाने उचलण्याची पद्धत आहे. चार दिवस म्हणता म्हणता ते चार महिने होतात, हे लक्षात ठेवा. पीकच बुडाले, गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली आणि दुष्काळ जाहीर झाला, तर कर्जाच्या पुनर्गठनासाठी सोसायटीत लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

काही जण म्हणतात, भरायचे कशाला, माफी होईलच. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या हे खरे. नियमित भरणाऱ्याला "आपण भरले तेच चुकले" असे वाटते, तेही मला समजते. पण माफी सोसायटी-बँकेच्या कर्जाला होते. तिची वाट बघत थकबाकीत बसलेला माणूस मधली दोन-तीन वर्षे बी-भरणाला पैसा कोठून आणतो? सावकाराकडून. माफीत साठ हजार सुटतात आणि तोवर सावकाराला लाख गेलेले असतात.

कायदा काय म्हणतो?

सावकार आणि कुणबी यांचे भांडण जुने आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्या उठावानंतर इंग्रज सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज वह्या जाळण्याची गरज नाही, महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे. या कायद्याखाली सावकाराला परवाना लागतो. शेतकऱ्याकडून तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के असे दर शासनाने २०१४ साली ठरवून दिले. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपले जुने लोक ज्याला दामदुप्पट म्हणत, तीच ही मर्यादा. सावकारीपोटी लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे ती परत मागता येते.

म्हणजे आपल्या हिशेबातल्या ५०,००० वर कायद्याने वर्षाला फार तर ६,००० व्याज होते, तिथे ३०,००० घेतले जातात. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. लोक करत नाहीत, कारण पुढच्या वर्षी त्याच दारात जायचे असते. ही अडचण खरी आहे. म्हणून निदान एवढे करा. गावातली दोन मानाची माणसे घेऊन सावकाराकडे एकरकमी पैसे घेऊन जा, आजवर किती दिले ते मांडा, तडजोड करा. पैसे देताना सही केलेला कोरा चेक, स्टँपपेपर आणि चिठ्ठ्या परत घेतल्याशिवाय हातातली नोट सोडू नका.

बायकांच्या नावावर काढलेल्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाविषयीही थोडे सांगतो. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असे कर्ज देता येत नाही, मुदतीआधी फेडले तर दंड नाही आणि वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी नि संध्याकाळी ६ च्या नंतर दारात येऊ नये. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढणे हा खड्डा बुजवण्यासाठी शेजारी दुसरा खड्डा खणण्याचा प्रकार आहे. मोबाइलवर मिनिटात मिळणारे कर्ज तर घेऊच नका.

मुंबईला जायचेच असेल तर

जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण जाताना रक्कम ठरवून जा. कोणाचे किती फेडायचे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरे म्हणजे रेशन. एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे अन्न सुरक्षेतले कार्ड घाटकोपरच्या दुकानातही चालते. माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळते आणि ते जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या वाट्याचे गावात आणि तुमच्या वाट्याचे तिकडे असे घेता येते. त्यासाठी आधार जोडलेले आणि अंगठा उमटणारा हवा, ते निघण्यापूर्वी गावच्या दुकानात तपासून घ्या. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आपल्या भागात धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याचा निर्णय २०२३ साली झाला, त्यांनी तिकडे धान्याच्या भरवशावर राहू नये. गावाहून तूरडाळ, ज्वारीचे पीठ, तिखट, शेंगदाणे सोबत न्या. वडापाव स्वस्त वाटतो, पण दिवसभर घमेले उचलणाऱ्याला त्यात ताकद नाही. भाकरी, डाळ, मूठभर दाणे, अधूनमधून अंडे, एवढ्याला कात्री लावू नका. कात्री लावायची तर गुटखा, देशी आणि मटक्याला लावा.

तिसरे, आजारपण. घाटकोपर पूर्वेला महापालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे, पश्चिम उपनगरात कूपर आहे. रांग लागते, वेळ जातो, पण एका खासगी दवाखान्याच्या बिलाने जमवलेली शिल्लक जाते, ते टळते. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

चौथे, रोजाचा पैसा मुकादमाकडे साठवू नका. दर आठवड्याला हिशेब घ्या. वहीत तारीख, काम, ठेकेदाराचे नाव, ठरलेला रोज आणि मिळालेले पैसे लिहा. शिल्लक लगेच गावच्या बँक खात्यात टाका. पुढच्या वर्षासाठी उचल घेऊ नका, कारण उचल हे दुसऱ्या नावाचे कर्जच आहे.

पाचवे, भाडे कमी म्हणून डोंगराच्या कडेला खोली घेतली असेल तर पावसाआधी तिथून निघा. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली. काही गोष्टी स्वस्तात घेण्यासारख्या नसतात.

बोजा परत चढू नये म्हणून

आता माझ्या खात्याचे थोडे सांगतो. मृगाला परत आल्यावर पहिली उधारी होते ती बियाण्याची. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक आहे. प्रमाणित बियाण्यापासून आलेले दाणे नीट राखले तर पुढची दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येतात, दरवर्षी नवी बॅग घेण्याची गरज नाही. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते, म्हणून पोती आपटू नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले समजा. एकरी तीस किलो पुरते. तीन एकरांचे नव्वद किलो घरचे निघाले तर दुकानाची मोठी उधारी तिथेच टळली. खत माती परीक्षणाप्रमाणे द्या, शेजाऱ्याने टाकले म्हणून टाकू नका. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून सुरू झालेल्या नमो योजनेचे पैसे खात्यावर येतील तेव्हा ते सणावारी न मोडता खतासाठी राखून ठेवा.

आणि काहीही झाले तरी कर्ज फेडण्यासाठी जमीन विकू नका. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, लाखो कामगारांचा पगार बंद झाला, तेव्हा ज्यांचे गावाकडे घर आणि वावर होते त्यांना निदान परत जायला जागा होती. शहर काम देते आणि काढूनही घेते. वावर तिथेच राहते.

गावकारभाऱ्यांना विनंती

ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव (पदनामे बदलली, तरी गाव तुम्हाला याच नावांनी ओळखते), तुमच्या एका सहीने बरेच काही होते. जानेवारीतल्या ग्रामसभेत कोण बाहेर जाणार आहे त्याची यादी करा. रेशनच्या आधारजोडणीची तपासणी तेव्हाच करा. पोरे मागे राहणार असतील तर हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांकडे नावे द्या, सोबत जाणार असतील तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे तिकडच्या पालिका शाळेत त्यांना बसता येईल. बांधकामावर वर्षात ९० दिवस राबलेल्याला कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करता येते. नाक्यावरचा ठेकेदार दाखला देत नाही, पण जे गावच्या परिसरातल्या कामावर राबले, त्यांचा दाखला ग्रामसेवकाने अडवू नये. सचिवांनी ३१ मार्चची तारीख फेब्रुवारीतच प्रत्येक सभासदाला कळवावी, मुंबईला असेल तर फोनवर कळवावी. आणि गावात बिनपरवाना सावकारी चालते हे सर्वांना माहीत असताना कागदावर "निरंक" लिहिणे आता थांबले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, गरिबीत दिवस काढण्याचे शिक्षण तुम्हाला कोणी द्यायला नको, ते तुम्ही आईबापाकडूनच शिकला आहात. कमी पडतो तो व्याजाचा हिशेब. आज रात्री जेवण झाल्यावर नवरा-बायको दोघांनी मिळून पोराच्या जुन्या वहीच्या पानावर चार रकाने आखा: कोणाचे, किती, व्याज किती, तारण काय. ज्याच्या व्याजाचा आकडा सर्वांत मोठा, त्याच्या नावाखाली रेघ मारा. गाडीचे तिकीट त्यानंतर काढा.